पिस्तुलाला खोबरेल

केशरबाई आमच्या दुकानातून पळाल्या तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी फळीखालीच राहिली. आणि ज्याच्यामुळे त्या पळाल्या, तो हातात टॉवेलची गुंडाळी धरून, कान लाल करून, नुसता म्हणत राहिला— "अहो मावशी, हवेचं आहे... हवेचं आहे!"

मी गोणपाटाच्या पडद्याआड बसले होते. पडद्याला बोटभर फट होती. त्या फटीतून मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याची चक्क दया आली. या दयेचं पुढे काय होणार आहे ते कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी ती फट तिथल्या तिथे शिवून टाकली असती.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरची. जालन्याच्या मस्तगडला आमचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढे लाकडी फळी, मध्ये गोणपाटाचा पडदा, आणि मागे आमचं घर. माझे वडील भिवा मिस्त्री. जुन्या जालन्यात कुणाचा स्टोव्ह भडकला, विझला, नुसता फुरफुरत बसला, की माणसं सरळ आमच्याकडे यायची. "भिवाच्या हाताला गुण आहे," म्हणायची.

गुण होताच, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बर्नरचं भोक सोडाच, त्यांना अख्खा बर्नर धड दिसेना. माणूस ते आवाजावरून ओळखायचे, त्यामुळे डोळे किती अधू झालेत ते बाहेर कुणाला कळलं नाही. गिऱ्हाईक सकाळी स्टोव्ह ठेवून जायचं, संध्याकाळी येऊन न्यायचं. मधल्या वेळात पडद्याआड बसून तो मी दुरुस्त करायची. पिन मारणं, बर्नर बदलणं, पंपातला कातडी वायसर कापून बसवणं... सगळं मीच. कुणाला सांगायची सोय नव्हती. पोरीच्या हातचा स्टोव्ह कोण पेटवणार? आणि रॉकेलचा वास येणारे हात घेऊन ती पोरगी नांदायला कुठे जाणार? त्यामुळे शाबासकी यायची ती फळीवरच थांबायची. पडद्याआड यायचा तो फक्त पुढचा स्टोव्ह.

माय म्हणायची, "बेबी लई समजदार हाय." समजदार कसली! मी आत बसून दात-ओठ खायची. एकदा, एकदा तरी कुणीतरी म्हणावं, "बेबीनंदा, काम छान झालं हो." बास, एवढंच मागणं होतं माझं.

तर तो टॉवेलवाला.

"जय भीम, मिस्त्री," तो बाबांना म्हणाला. "मी रामकिसन. हायस्कुलात पी.टी. शिकवतो. गाव आपलं पिंपळगाव रेणुकाई. हे... नेम मारायचं पिस्तुल आहे. छर्र्याचं. बारूद बिलकुल न्हाई याच्यात. पंपानं हवा भरायची, छर्रा घालायचा, घोडा दाबायचा."

"मंग माझ्याकडं कशाला आणलं? लोहाराकडं न्या."

"लोहारानं हात जोडले. घड्याळवाल्यानंबी जोडले. मंग मी इचार केला— पंप आहे, हवा आहे, अन् हवा काही धरत न्हाई... म्हणजे हे दुखणं स्टोव्हचंच झालं की!"

मला पडद्याआड हसू फुटलं. तोंडावर पदर... पदर कुठला, मी ओढणी दाबली. इतकं सरळ चालणारं डोकं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

पिस्तुल कोरं करकरीत होतं. त्याचा मामा बोटीवर नोकरीला, त्याने परदेशातून आणून दिलेलं. खोक्यात दोन वर्षं तसंच पडून होतं. आता औरंगाबादच्या एका क्लबाने जानेवारीत नेमबाजीची चाचणी ठेवली होती. तिघांना निवडून पुढे पुण्याला पाठवणार होते. रामकिसन सरांनी हौसेने नाव दिलं, खोकं उघडलं, नळीखालचा दांडा उघडून मिटून पंप मारला, आणि पिस्तुलाने नुसता सुस्कारा सोडला. फुस्स.

बाबांनी पिस्तुल हातात फिरवलं, कानाशी धरून एकदा पंप मारला. "ठेवून जा," ते म्हणाले. मग मागे वळून, "बेबी, सरांना चहा आण गं."

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्याने कप घेतला. माझ्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्या केसांकडे... आणि तिथेच थांबला. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. बर्नर साफ करायची पिन, पत्र्याच्या पट्टीला केसाएवढी तार असते ती, काम करताना मी वेणीत खोचून ठेवायची. ती तशीच होती.

त्याने चहा संपवला आणि बाबांशी बोलताना पडद्याकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, जल्दी न्हाई आपल्याला. पण काम बराबर झालं पाह्यजे. मी येत जातो... रोज."

"रोज कशाला?"

"म्हणजे... चौकशीला."

आणि जाताना त्याने केशरबाईंची चप्पल उचलून फळीवर नीट ठेवली. ते मी फटीतून पाहिलं. बाकी काही पाहिलं नाही, शपथ.

दुपारी मी पिस्तुल उघडलं. आत स्टोव्हच्या पंपासारखाच पंप, पण सगळं इवलं-इवलं. कातडी वायसर बटणाएवढा, वाळून खारकेसारखा झालेला. मी चामड्याच्या तुकड्यातून नवा कापला. तीन वाया गेले, चौथा बसला. तो करडीच्या तेलात दिवसभर भिजत घातला. थंडीत वायसरला करडीचंच तेल, हा बाबांचा नियम होता.

तो चौकशीला आला. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी तर शाळेच्या मधल्या सुट्टीत आला आणि शिट्टी गळ्यात तशीच. चौथ्या दिवशी बाबांनी पिस्तुल त्याच्या हातात दिलं. त्याने पाच वेळा दांडा ओढला आणि रिकामाच घोडा दाबला.

टप्प!

"धरली! हवा धरली!" तो ओरडला. असा आनंद मी बारशाच्या घरातच पाहिला होता. "मिस्त्री, हात कुठं आहेत तुमचे?" म्हणत त्याने बाबांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. बाबांच्या हातांना ना तेल होतं ना काजळी. ते त्याला दिसलं. मला वाटतं, दिसलंच.

नवं पिस्तुल चालवून बघायला जागा हवी होती. शाळेत पोरांचा गराडा पडायचा. आमच्या घरामागे मोकळं अंगण होतं, शेवटाला मातीची जाड भिंत. बाबा म्हणाले, "इथंच मारा की. मीबी ऐकतो." मग रविवारी सकाळी वाळू भरलेलं पोतं भिंतीला उभं केलं, दहा पावलं म्हणता म्हणता मोजून तेहतीस फूट अंतर घेतलं, आणि निशाणाचा कागद करायचं काम माझ्याकडे आलं. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. बाहेरचा गोल ताटलीने काढला. आतला काढायला हाताशी काही मिळेना, म्हणून बांगडी काढून ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. अगदी मधोमध बर्नरची टोपी.

बाबा खाटेवर कान देऊन बसले. सरांनी पंप मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... आठ! दंडाच्या शिरा फुगल्या. हात लांब केला तर पिस्तुल लटलटतंय.

टप्प.

"भिंत," बाबा म्हणाले.

दुसरी. "भिंत." तिसरी. "हे पोतं लागलं, पण कडंला."

चौथ्या वेळी तो पुन्हा आठ मारायला लागला तेव्हा मला राहवलं नाही. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, तिथूनच म्हणाले, "सर, एवढी हवा कशाला मारून राह्यले?"

"जोर नको का?"

"भिंत पाडायची का नेम मारायचा? स्टोव्हला लई हवा मारली की जाळ मोठा होतो, पण भाकर करपती. अन् आठ मारल्यावर तुमचा दंड भरून येतो, मंग हात हालनारच. पाच मारा. दर वेळी पाचच. मोजून."

 बाबा खोकले. मी खाली मान घालून तांदळातला नसलेला खडा शोधायला लागले.

"तुम्हाला स्टोव्हचं बरंच कळतं," तो सावकाश म्हणाला.

"दुकान घराला लागून आहे. ऐकू येतं."

"ऐकू येतं... हां." त्याने मान हलवली. हसला नाही, पण हसू कुठे लपवलं ते मला दिसलं. मग पाच मोजून मारले, श्वास धरला—

टप्प!

"लागली!" बाबा खाटेवरून म्हणाले. नेम लागला की पोत्याचा आवाज निराळा यायचा. कागदामागे मी जाड पुठ्ठा लावला होता ना!

तो धावत गेला. "कुठं लागली बघा! या आतल्या गोलात!"

"बांगडीच्या आत," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"बांगडी?" तो कागदाकडे बघत राहिला. "ही... कुणाची?"

"कुणाची म्हणजे? मापाला घेतली होती."

"मापाला," तो म्हणाला. एकदा नाही, दोनदा म्हणाला.

त्यानंतर ते आमच्यात नावच पडलं. तो चौकशीला यायचा— आता कशाची चौकशी, ते बाबांनीही विचारलं नाही— आणि मी पडद्याआडून विचारायची, "काल शाळेमागं मारून बघितले म्हणे. किती बांगडीच्या आत?"

"दहातले सहा."

"अन् चार?"

"चार तुमच्या आठवणीनं बाहेर गेले."

"माझ्या?"

"म्हणजे... तुम्ही सांगितलं होतं ना, पाच पंप. मी आठवत बसलो. पाच का सहा, पाच का सहा..."

असा वेंधळा! आणि असा गोड की दुसरं कुणी तसं बोललं असतं तर मी जळती काडी फेकून मारली असती.

तिसऱ्या रविवारी त्याने पिस्तुल माझ्यापुढे धरलं. "एक मारून बघा."

"मी? छे!"

"मार गं," बाबा म्हणाले. "बाकी सगळं तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मी पाच पंप मोजले. पिस्तुल हातात घेतलं तेव्हा ते मला अजिबात परकं वाटलं नाही. त्याच्या पोटातलं सगळं मला ठाऊक होतं. केसाएवढ्या तारेने केसाएवढं भोक रोज साफ करणारा हात माझा, तो कशाला हलेल? घोडा दाबला.

"लागली," बाबा म्हणाले.

बर्नरच्या टोपीत. ऐन मध्यात. त्याने कागद पाहिला, मग मला. "बेबी..." म्हणता म्हणता थांबला आणि घाईने, "बाई," असं जोडलं. "तुम्हीच जा औरंगाबादला. मी इथं भाकरी करतो."

"करपवाल."

"शिकवा मंग."

 माझ्या गालांनी काय सांगितलं कुणास ठाऊक.

चाचणी रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी तो पिस्तुल शेवटचं बघून घ्यायला म्हणून देऊन गेला. बाबा मायबरोबर बाजारात गेले होते. मी एकटीच होते. वायसर काढला, पुसला. करडीच्या तेलाचा डबा समोरच होता, रोजचा, तळाशी गाळ बसलेला, काजळी लागलेला. आणि मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा... एवढ्या मोठ्या दिवसाला हे असलं तेल? मी उठले, कोनाड्यातली माझी खोबरेलाची बाटली आणली. केसांना लावायची ती, वासाची, जपून-जपून वापरलेली. उन्हात ठेवलेली होती, छान पातळ झालेली. वायसर तिच्यात बुडवला. पंपाच्या नळीतही बोटाने लावलं, लेकराच्या टाळूला लावतात तसं.

संध्याकाळच्या गाडीला निघताना तो आला. पिस्तुल टॉवेलात गुंडाळलं. "मिस्त्रींना सांगा, मी लई आभारी आहे." मग थोडं थांबून, पडद्याकडे बघून, "ज्या-ज्या हातांनी काम केलं, त्या सगळ्यांचा."

"सांगते."

"अन् तो निशाणाचा कागद... नेऊ का?"

"भोकं पडलेला कागद घेऊन काय करता?"

"नेम ध्यानात राहतो," तो म्हणाला आणि कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

रविवारी पहाटे असली थंडी पडली की बादलीतलं पाणी चावत होतं. सकाळी माय वेणी घालायला बसली, कोनाड्यातून बाटली काढली आणि म्हणाली, "बेबी, खोबरेल दगड झालंय बघ. उन्हात ठेव जरा."

मी बाटली हातात घेतली. पांढरीशुभ्र. उलटी केली तरी थेंब हलला नाही.

 थंडीत करडीचंच तेल, हा नियम बाबांनी हौसेने नव्हता केला! स्टोव्हला चुकून खोबरेल लागलं तरी जाळ पेटला की घटकेत पातळ होतं. पिस्तुलाला जाळ कुठला? आता या क्षणी औरंगाबादच्या त्या गारठ्यात तो दांडा ओढत असेल, आणि वायसर मेणात बसल्यासारखा चिकटून बसला असेल. हवा धरणार नाही. चाचणी जाणार. आणि जाणार ती माझ्यामुळे. वेड्यासारखी माया केली ना, त्यामुळे!

मी बाबांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. ते बाटली हातात फिरवत बसले.

"पिस्तुल माझ्या नावानं गेलंय," ते म्हणाले. "तो आला की मी सांगन, डोळे चालत न्हाईत, चुकीचा डबा उचलला. तू बाहेर येऊ नको."

"न्हाई बाबा."

"पोरी, बोभाटा होईल. उद्या दुकानात कुणी येणार न्हाई. तुला सोयरीक यायची हाय अजून."

"दोन वर्षं चांगलं काम तुमच्या नावावर गेलं, मी काही बोलले का? मंग हे वाईट काम तरी माझ्या नावावर राहू द्या."

बाबांनी बाटली खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांना पाणी येत असे ते मोतीबिंदूमुळे, असं ते म्हणायचे.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो आला. नेमके तेव्हाच दुकानात अप्पाराव हॉटेलवाले आपला मोठा स्टोव्ह घेऊन उभे, आणि केशरबाई आपला छोटा. टॉवेलची गुंडाळी बघताच केशरबाईंनी दोन्ही चपला आधी घट्ट पायात अडकवल्या. त्याने पिस्तुल फळीवर ठेवलं. "मिस्त्री—" एवढंच म्हणाला.

"माझ्या डोळ्यानं—" बाबांनी सुरुवात केली.

मी पडदा बाजूला सारला. दोन वर्षांत प्रथमच, हात काळे, वेणीत पिन, तशी गिऱ्हाइकांपुढे उभी राहिले. 

"चूक बाबांची न्हाई, सर. वायसर मी बसवला. तेल मी लावलं. करडीचं लावायचं सोडून खोबरेल लावलं, ते थंडीत थिजलं. तुमची चाचणी माझ्यामुळं गेली." श्वास घेतला आणि उरलेलंही बोलून टाकलं. "अन् हेच न्हाई. दोन वर्षं झाली, या दुकानातला दरेक स्टोव्ह मीच करते. ज्याला न्यायचा तो घेऊन जा परत."

 अप्पारावांच्या मिशीचं एक टोक उडालं.

"म्हणजे..." ते म्हणाले, "दोन वर्षं मी पोरीच्या स्टोव्हवर भजे तळून राह्यलो?"

"हो."

"अन् मी?" केशरबाई पुढे आल्या. "मी रोज सकाळी चहा ठेवताना भिवाला दुवा देऊन राह्यले! भिवा सुखी राहो, भिवाला शंभर वर्षं मिळो... ते सगळं गेलं कुठं मंग? चुकीच्या घरी?" त्यांनी फळीवरून वाकून माझा काळा हात ओढला, त्यावरून आपले हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "घे बाई, आजपासून तुझं तुला. मागचं भिवाकडून मागून घे."

अप्पारावांनी मिशी नीट केली. आपला मोठा स्टोव्ह उचलला, बाबांच्या समोरून काढला आणि नेऊन थेट माझ्या पायापाशी ठेवला. "संध्याकाळी पाह्यजे," म्हणाले. "बराबर कर."

मला हसावं की रडावं कळेना. पण सरांकडे बघायची हिंमत होईना. तिघांची माफी मिळाली होती, चौथ्याची राहिली होती.

"मी पंप मारला," तो बोलायला लागला, "तर दांडा जागचा हालंना. पहिले दहा छर्रे... काही चार पावलांवर पडले, काही निघालेच न्हाईत. लोक हसून राह्यले. मी पिस्तुल जर्किनच्या आत घातलं, काखेत दाबलं अन् जाऊन उन्हात उभा राहिलो. ईस मिनिटं. मंग ते हळूहळू गरम झालं, अन् त्याला वास सुटला." तो थांबला. "ओळखीचा वास. चहा देताना येतो तो... तुमच्या वेणीचा."

माझा हात आपोआप वेणीकडे गेला.

"तवा कळलं की तेल कुणी लावलं. तसं हात कुणाचे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ही पिन बघून. वाट बघून राह्यलो होतो, कधी पडदा सरकतो. पण खोबरेल का लावलं, ते..." त्याचे कान लाल झाले, "ते मला त्या उन्हात समजलं. खरं का, ते तुम्ही सांगा."

"चामडं मऊ राहावं म्हणून," मी म्हणाले. केशरबाई इतक्या जवळ उभ्या होत्या, दुसरं काय म्हणणार!

"झालं," तो म्हणाला. "लई मऊ झालं."

"अन् चाचणी?"

"पुढचे ईस छर्रे, सतरा बांगडीच्या आत. तिघं घ्यायचे होते. मी चौथा आलो. दोन गुणांनी."

माझे डोळे भरून आले. "माफ करा..."

"माफी कशाची?" तो फळीवर हात टेकून पुढे झाला. "चौथा आलो ते तुमच्यामुळंच. न्हाईतर मी आठ पंप मारून भिंत पाडून आलो असतो. पुढच्या साली पुन्हा चाचणी आहे. पिस्तुल तेच राहील, मिस्त्रीबी तोच राहील." आणि मग सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसं स्पष्ट म्हणाला, "बेबीनंदा, काम छान झालं होतं."

दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते असं आलं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट कामावर. मी पडद्यात तोंड खुपसून पोटभर रडले. गोणपाट गालाला टोचत होतं, पण ते टोचणंही मला त्या दिवशी चांगलं वाटलं. किती जणांचे उपकार मानू, असं झालं होतं. केशरबाईंचे, अप्पारावांचे, त्या थंडीचे, त्या बाटलीचे... आणि त्या वेंधळ्या माणसाचे, ज्याने वीस मिनिटं माझी चूक छातीशी धरून ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी तो आला तेव्हा बरोबर त्याची आई होती. कौसल्याबाई. पिंपळगावहून पहिल्या गाडीने आलेल्या. जय भीम झाला, पाणी झालं, चहा झाला. त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले. मी घासून-घासून लाल केले होते तरी नखांत काजळी होतीच.

"हात कामाचे हायेत," त्या मायला म्हणाल्या. "आमच्या घरात दोन स्टोव्ह हायेत, दोन्ही बंद." आणि पिशवीतून कागदात बांधलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या.

माय गडबडली. "अवो, पण माप? बांगडी बेमाप झाली तर फुटंल, मंग अपशकुन—"

"बाई, कासारबी हेच म्हनला. मंग पोरानं खिशातून हा कागद काढला. कासार म्हनला, बत्तीस वर्षं झाली, असलं माप कुणी आणलं न्हाई. ही भोकं कशाची?"

कॅलेंडरचं पान. घडीवर मऊ झालेलं. ताटलीचा गोल, टोपीचा गोल, आणि मधला... त्याच्या आत दाटीवाटीने पडलेली भोकं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो अंगणातल्या वाळूच्या पोत्याकडे बघत होता, जसं काही त्याने ते जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुम्ही तर म्हणाले होते, नेम ध्यानात राहतो," मी हळूच म्हणाले.

"राहिला की," तो म्हणाला. "पण जबरदस्ती न्हाई... तुम्ही हो म्हणाल तरच. न्हाई म्हणाल तर मी बांगड्या नेतो परत. स्टोव्ह मात्र इथंच आणीन."

मी हात पुढे केला. कौसल्याबाईंनी पहिली बांगडी चढवली. सरकन गेली. दुसरी, तिसरी, मग दुसऱ्या हातात... एकही अडली नाही, एकही तडकली नाही. मी हात खाली घेतला तेव्हा सगळ्या एकदम किणकिणल्या.

खाटेवर बाबा केव्हापासून मान तिरकी करून, कान देऊन बसले होते.

"लागली," ते म्हणाले.